गिरणीतली मेजवानी

प्रुडन्स हॉदरसॉलने सकाळपासून मेजवानीच्या टेबलावरचा पाण्याचा एकेक थेंब शोधून हटवला होता. बोटं धुवायचे वाडगे उचलले, सुरई लपवली, फुलदाणीसुद्धा कोरडी करून टाकली. इंग्लंडातल्या रिबल नदीकाठच्या त्या गावात मुलीच्या लग्नाच्या दिवशी आईला दुसरी कामं नसतात असं नाही, पण प्रुडन्सच्या वडिलांना ज्यांनी पाहिलंय त्यांना नवल वाटणार नाही.

तिचा बाप, म्हातारा अँब्रोज, राजा जेम्सच्या फौजेत होता. राजा कॅथलिक, अँब्रोज काही कॅथलिक नव्हता, पण शपथ घेतली ती घेतली. चार वर्षांपूर्वी राजाला पळवून लावलं, तो समुद्रापलीकडे फ्रान्समध्ये जाऊन बसला, आणि गादीवर त्याचीच मुलगी आणि जावई बसले. तेव्हापासून कुणी राजाच्या नावाने पेला उचलला की अँब्रोज आपला पेला पाण्याच्या भांड्यावरून फिरवी आणि मगच पिई. पाण्यापलीकडच्या राजासाठी! गावातली जुन्या राजाची माणसं सगळी असंच करत, आणि नव्या राजाची माणसं त्यावरून डोकी फोडत.

आणि प्रुडन्सच्या मुलीने, सिबिलने, नेमका जीव लावला तो जोसाया थ्रेलफॉलच्या मुलावर. थ्रेलफॉल गिरणीवाला, नव्या राजाचा कट्टर माणूस. जेम्सचा तान्हा राजपुत्र खरा नव्हेच, कुणाचं तरी पोर अंथरूण गरम करायच्या भांड्यात लपवून राजवाड्यात आणलं, ही कहाणी तो दर बाजाराच्या दिवशी गिऱ्हाइकांना पिठाबरोबर फुकट देई. त्यात मेजवानी नवरीकडे न होता आपल्या गिरणीच्या माडीवर व्हावी असा त्याने हट्ट धरला. ऐट आहे माणसाला, म्हणून प्रुडन्स गप्प बसली. तिला फक्त हे लग्न सुरळीत पार पडायला हवं होतं. मुलगी दोन महिने रडून अर्धी झाली होती.

आदल्या दिवशी तिने वडिलांना दम दिला होता.

"बाबा, उद्या पेला फिरवायचा नाही."

"मग राजाच्या नावाने पिऊ कसा?"

"तोंडाने. सगळे पितात तसं."

"सासऱ्याची गादी लाटणाऱ्या जावयासाठी? त्यापेक्षा उपाशी उठेन."

आणि आता तो खरोखरच हाताची घडी घालून बसला होता. भाजलेलं गोमांस आलं, कोकराची पाई आली, ओटच्या भाकऱ्या आणि चीज आलं. म्हाताऱ्याची नजर टेबलावर काहीतरी शोधत होती.

थ्रेलफॉल उठला. बिअरचा पेला उंच धरून म्हणाला, "राजासाठी!"

बाकं सरकली. सगळे उठले, एक अँब्रोज सोडून. सिबिलचा चेहरा पांढरा पडला. म्हाताऱ्याने मान खाली घातली, जमिनीकडे पाहिलं, आणि पाहतच राहिला. मग एखाद्या तरण्यासारखा ताडकन उठला, "राजासाठी!" म्हणून ओरडला आणि पेला तळापर्यंत रिकामा केला.

प्रुडन्सला आनंद झाला, तो घोटभर टिकला. तिनेही खाली पाहिलं. फळ्यांच्या फटींतून गिरणीचा पाट चमकत वाहत होता. अख्खी मेजवानी पाण्यावर बसली होती. नव्या राजाची माणसंसुद्धा मजेत त्याच पाण्यावरून पेले फिरवत होती. समोरच्या बाकावर जुन्या राजाचे दोन म्हातारे खांदे हलवत हसू लागले होते.

थ्रेलफॉल अँब्रोजकडेच बघत होता. आता लग्न मोडतं, या भीतीने प्रुडन्स घाईघाईने त्याच्याजवळ गेली.

"बाबांचं वय झालंय हो. मनावर घेऊ नका."

"विहीणबाई," तो हळूच म्हणाला, "या पाण्यावर माझा जन्म गेला. खाली काय वाहतं ते मला ठाऊक नसेल?"

तिने पुन्हा फळ्यांच्या फटींकडे पाहिलं, तसा तो पुढे म्हणाला,

"तुमच्याकडे जेवण ठेवलं असतं, तर त्यांनी कुठूनतरी पाण्याचा वाडगा पैदा केला असता. चारचौघांत माझ्या डोळ्यांना दिसलं की मला बोलावंच लागतं. इथे पाणी फळ्यांखाली, मला काही दिसलंच नाही. आणि माझा पोरगा तुमच्या मुलीशिवाय जेवत नव्हता."

 या माणसाला आपण काय काय म्हणत होतो, याची प्रुडन्सला लाज वाटली. पलीकडे अँब्रोज नातजावयाच्या पाठीवर थापा मारत दुसरा पेला मागत होता.

"बाबांना सांगू का?" तिने विचारलं.

"छे, छे. मला फसवलं म्हणून किती खूश आहेत बघा. माझा आहेर समजा तो."