दादरच्या वाळूचं काय ठरलं

बाणगंगेवर माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या दहाव्याला कावळा शिवेना. पिंड मांडून बराच वेळ झाला होता. समोरच्या पत्र्यावर कावळ्यांची रांग बसली होती, पण एकही खाली उतरत नव्हता. शेजारच्या लोकांचा पिंड मात्र त्यांनी ठेवल्या ठेवल्या फस्त केला होता.

"काही इच्छा राहिली असेल," गुरुजी म्हणाले. "आठवून बघा."

सगळ्यांना एकदमच आठवायला लागलं. काकांनी हात जोडून माझ्या मुलाचं, वरदचं लग्न लावून देण्याचं कबूल केलं. मामेबहीण म्हणाली, "तुमच्या इरावतीकडे आम्ही लक्ष देऊ." मी साठीला आलेली बाई, माझ्याकडे काय लक्ष देणार, हे मी विचारलं नाही. अप्पा गेल्यापासून मला काही वाटतच नव्हतं. रडू नाही, भूक नाही, रागसुद्धा नाही, आणि राग तर माझा रोजचा सोबती.

इच्छा कोणती ते मला माहीत होतं. माझ्या धाकट्या भावाला, हर्षवर्धनलाही माहीत होतं. तो राज्यात मंत्री आहे. चढत्या समुद्रावर देशोदेशीच्या सरकारांची परिषद भरली, तिला तो आपल्या शिष्टमंडळातून गेला होता. निघण्याआधी दादरला घरी आला तेव्हा अप्पा म्हणाले होते, "आपल्या चौपाटीचं काय ठरतं ते बघ. आणि आलास की मला नीट सांग." अप्पा रोज भरतीच्या वेळी काठी टेकत चौपाटीवर जायचे, वाळू किती उरली ते बघायला. हर्षवर्धन जिथे क्रिकेट खेळला, तिथे आता दगडांवर लाटा आपटतात.

परिषद संपली तेव्हा तो टीव्हीवर दिसला. "ऐतिहासिक सहमती झाली," म्हणाला. अप्पांनी आवाज बंद केला. "हे टीव्हीसाठी. घरी आला की खरं सांगेल." हर्षवर्धन विमानात असतानाच अप्पा गेले. विमानतळावरून तो थेट स्मशानात आला.

"सांग त्यांना," मी म्हणाले.

तो ओला पंचा नेसून पिंडासमोर उभा राहिला. "अप्पा, परिषद अत्यंत यशस्वी झाली. सामायिक आव्हानांवर सर्व देशांनी व्यापक चर्चा केली. आपली भूमिका आपण ठामपणे..."

"हे त्यांनी ऐकलंय रे."

त्याचा पीए शंतनु फोन घेऊन जवळच उभा होता, त्याला त्याने हातानेच लांब जायला सांगितलं.

"अप्पा, पाणी चढतंय हे सगळ्यांना पहिल्याच दिवशी मान्य होतं. मग भिंती कुणी बांधायच्या आणि खर्च कुणी करायचा, इथे घोडं अडलं. मोठे देश म्हणाले, बघू. आम्हीही म्हणालो, बघू. आपल्या चौपाटीचा विषय मी मांडणार होतो. माझी पाळी आली तेव्हा जेवणाची सुट्टी झाली. जेवणानंतर फोटो होते. मग मीही विषय काढला नाही. काही ठरलं नाही, अप्पा."

सोसायटीच्या मीटिंगचा वृत्तान्त वाचावा तसा त्याचा आवाज होता. मला संताप यायला हवा होता, आला नाही. वाटलं, झालं एकदाचं खरं सांगून, आता कावळा येईल. एका कावळ्याने पत्र्यावर चोच घासली आणि पाठ फिरवली.

"ताई, खरं तेच सांगितलं ना मी?" हर्षवर्धन म्हणाला.

"नुसतं सांगून भागत नाही, साहेब," गुरुजी म्हणाले. "करतो म्हणून शब्द द्यावा लागतो."

शब्द देणं म्हणजे आमच्या हर्षवर्धनच्या हातचा मळ. पूल म्हणा, नाला म्हणा, तो कुणाला नाही म्हणत नाही. लालबागला एकाच संध्याकाळी तीन मंडळांना एकच मैदान कबूल करून आलेला माणूस तो.

त्याने हात जोडले. "अप्पा, आपली चौपाटी मी..." एवढं म्हणाला आणि थांबला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच थांबला.

"म्हण रे," काका कुजबुजले. "म्हणायला काय जातंय?"

तो पिंडाकडे बघत राहिला. ऊन चढलं. मागे दुसरी माणसं खोळंबली होती. शेवटी तो गुरुजींना म्हणाला, "दर्भाचा कावळा करा."

गुरुजींनी दर्भाच्या काड्या पिळून गाठ मारली. तोच कावळा. तो त्यांनी पिंडाला टेकवला. काकांनी सुस्कारा सोडला, सगळ्यांनी नमस्कार केला.

हर्षवर्धनने शब्द दिला असता तर माझा काही त्यावर विश्वास बसला नसता. पण त्याने तो दिला नाही, तेव्हा मला कळलं की चौपाटी जाणार. अप्पा गेल्यापासून पहिल्यांदाच मला काहीतरी वाटलं. भीती वाटली.