घोटभर पाणी

त्या सकाळीही गाडी एका हाकेत चालू झाली. चांगली धडधडली, मागच्या कॅनांची झाकणं वाजली, आम्हाला वाटलं सुटलो एकदाचे. फाटकापाशी पोचली न पोचली तोच तिनं आचका दिला आणि गप्प बसली. आम्ही दूध घालणाऱ्या बाया डेअरीच्या ओट्यावर रिकाम्या किटल्या घेऊन उभ्या होतो. बोलायचं ते काल-परवाच बोलून झालं होतं.

आमच्या गावाचं सगळं दूध या गाडीतून जातं. ऊन चढायच्या आत ते शहराजवळच्या केंद्रावर पोचावं लागतं, तिथं ते थंड करतात. उशीर झाला की तिथला माणूस झाकण उघडून वास घेतो आणि मान हलवतो. मग तेच दूध माघारी आणायचं आणि ओढ्यात ओतायचं. बारा महिने शेणात हात घालणाऱ्या बाईला विचारा, ओढा पांढरा होताना बघून कसं वाटतं ते. काल मी बघितला. घरी येऊन जेवले नाही, आणि जो समोर आला त्याला फाडून खाल्लं.

गाडी चालवते ती माझी शेजारीण. गावात तिला ड्रायव्हरीण म्हणतात. आधी चिडवायला म्हणायचे, पुढं तेच नाव पडलं. नवरा अचानक गेला, मागं दोन पोरी, एक सासू आणि ही गाडी. धाकटा दीर म्हणाला होता, गाडी मी चालवतो, वहिनीनं घर बघावं. तिनं ऐकलं नाही. सासूनंही तेव्हा भरपूर तोंड सोडलं होतं, बाईमाणसानं चाक धरलं की घर रस्त्यावर येतं, असलं काहीबाही. हिनं खाली मान घालून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी चाक धरलं. तेव्हापासून एकदाही दूध नासलं नव्हतं. हे असं आत्ता आत्ताच सुरू झालेलं.

चेअरमन डेअरीतून बाहेर आले. वाईट माणूस नाही, पण गोड बोलून गळा कापायची सवय आहे.

"बाई, तुमच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही," ते म्हणाले. "पण पलीकडच्या गावचा गाडीवाला काल माझ्याकडे येऊन बसला होता. आज दूध नासलं तर उद्यापासून त्याची गाडी लावावी लागेल. मला चार लोकांना तोंड द्यायचं असतं."

"आज नासणार नाही," ड्रायव्हरीण म्हणाली. त्या घरात गाडीवाचून दुसरं काही नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

फिटर बॉनेटखाली डोकं घालून उभा होता. "पंप गेलेला दिसतोय," तो आतूनच म्हणाला.

माझं टाळकंच सटकलं. "परवा तू म्हणालास वायर. काल म्हणालास हवेची जाळी तुंबलीय. आज पंप. उद्या म्हणशील बैल जुंपा."

"काकी, मी काय इंजिनाच्या पोटात राहतो का? एकेक करूनच बघावं लागतं."

"तुझं एकेक होईस्तोवर आमच्या दुधाचं दही होतंय."

बाया हसल्या. धाकटा दीरही हसला. तो ट्रॅक्टर घेऊन आला होता, खांद्यावर दोर. गाडी अडायला लागल्यापासून रोज सकाळी तो यायचा, मागून ढकलायचा, नाहीतर पुढून ओढायचा, आणि कामाला निघून जायचा. वहिनीशी बोलणं जेवढ्यास तेवढं. गाडी नाकारल्याचा राग होता की तो तसाच घुमा, देव जाणे. एक मात्र खरं, की फार मागे एकदा त्याच्या दुधात पाणी सापडलं होतं. त्यानं दंड भरला, पुन्हा कधी केलं नाही. पण गाव जेवलेलं विसरतं, असलं विसरत नाही.

ड्रायव्हरीण खाली उतरली. फिटरनं पाइपातली हवा काढली, गाडी पुन्हा चालू केली, पुन्हा तेवढाच वेळ चालली आणि बंद. ती कान देऊन उभी होती.

"पंप नाही," ती म्हणाली.

"तुम्हाला काय माहीत?"

"पंप गेला असता तर चालूच झाली नसती इतकी चांगली. हाक मारली की उठते, फाटकापर्यंत कुरकुर नाही. हवा काढली की परत तेवढंच. म्हणजे पाइपात आहे ते डिझेल चांगलं, मागून येतंय ते वाईट. टाकीतच काहीतरी आहे."

फिटरनं डोकं खाजवलं. "तसं असेल तर फिल्टरच्या बुडाला दिसेल. एखादा ग्लास द्या."

मी डेअरीतला काचेचा ग्लास आणून दिला. त्यानं फिल्टरच्या खालचा स्क्रू ढिला केला आणि ग्लास धरला. भरल्यावर उजेडात उचलून धरला. वर पिवळसर डिझेल, आणि खाली, ग्लासाच्या निम्म्याहून जास्त, स्वच्छ नितळ पाणी.

आता आम्ही दुधाची माणसं. दुसऱ्या गावात कुणी म्हणालं असतं, पेट्रोल पंपावरच भेसळ असेल, पाऊस गेला असेल टाकीत. आमच्याकडे पाणी दिसलं की पहिला प्रश्न एकच, घातलं कुणी.

"घाला की तुमचं दुधातलं पाणी मोजायचं यंत्र, बघा किती टक्के आहे," मी चेअरमनला म्हणाले. या खेपेला कुणी हसलं नाही. सगळ्यांच्या माना हळूहळू एका बाजूला वळत होत्या. मीही बघितलं. खोटं कशाला सांगू.

धाकट्याला ते कळलं. त्यानं दोर एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"रोज बरोबर गाडी बंद पडायच्या वेळेला हजर कसे असता हो?" मागून कुणीतरी म्हणालं.

ड्रायव्हरीण त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "भाऊजी, गाडी हवी होती तर तोंडानं भांडायचं होतं. माझ्या पोरींच्या तोंडचा घास काढायला टाकीत पाणी ओतलंत? तुमच्या भावाची गाडी आहे ती."

त्यानं एकदा तिच्याकडे बघितलं, मग तिच्या मागं. तिथं भिंतीला धरून त्याची आई उभी होती. सासू-सुनेचं घर डेअरीच्या समोरच, गडबड ऐकून म्हातारी बाहेर आली होती. तो आईकडे बराच वेळ बघत राहिला. म्हातारीनं मान खाली घातली.

मग तो ट्रॅक्टरवर बसला आणि निघून गेला.

"जाऊ दे, चोराच्या मनात चांदणं," चेअरमन म्हणाले. "आता पुढं काय ते बोला."

फिटर म्हणाला, टाकी सगळी रिकामी करायची, कोरडी करायची, चांगलं डिझेल घालायचं, हवा काढायची, मग जाईल. उन्हानं तोवर ओट्याची पायरी गाठली होती. त्यानं आणि ड्रायव्हरणीनं टाकी रिकामी केली. तिच्यातूनही पाणीच जास्त आलं.

"एखादा मोकळा कॅन द्या कुणीतरी, डिझेल आणायला," फिटर ओरडला.

म्हातारी म्हणाली, "आमचा आहे, थांबा," आणि लगबगीनं अंगणात गेली. पेट्रोल पंप लांब, दूध निघायच्या वेळेला तो उघडतही नाही, आणि रात्री उभ्या गाडीच्या टाकीतून डिझेल चोरीला जायचं. म्हणून ड्रायव्हरीण परत येताना प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये डिझेल भरून आणायची आणि सकाळी टाकीत ओतायची. नवरा असताना हे कॅनचं प्रकरण नव्हतं, तो टाकीच भरून घ्यायचा आणि रात्री गाडीतच झोपायचा.

मी म्हातारीच्या मागं गेले, तिचा हेलपाटा वाचावा म्हणून. बघते तर ती हौदापाशी बसलेली. कॅनमध्ये तांब्याभर पाणी घेतलं, तोंडावर हात ठेवून खळखळ हलवलं, ओतलं. पुन्हा घेतलं, पुन्हा हलवलं. मग कॅन एकदा उलटा केला, दोनदा झटकला आणि बूच लावलं. त्या कॅनचं तोंड म्हणजे दोन बोटं जातील एवढं. आत घोटभर पाणी राहिलं होतं. हलताना मला ते ऐकू आलं.

"काकू, हे काय करताय?"

"धुतला. बिनधुतल्या कॅनमध्ये आपण कधी काही घालतो का?"

"कधीपासून धुताय हा?"

"गाडी हिच्याकडे आल्यापासून. सगळे दुधाचे कॅन धुते, त्याबरोबर हाही. बाई दमून येते. मी तिला नाही नाही ते बोलले होते, म्हटलं तेवढाच हातभार."

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. मग हातातल्या कॅनकडे. ती अडाणी नाही, उभा जन्म दुधात गेलेला, पाणी कुठं कुठं जातं हे तिच्याइतकं कुणाला कळत नसेल. ती खालीच बसली, ओल्यात.

"रोज घोट घोट," ती म्हणाली. "मीच गं. मीच."

मागं ड्रायव्हरीण येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता ही सासूला उभी चिरते. पण तिनं म्हातारीच्या हातातून कॅन घेतला, उन्हात पालथा टाकला आणि म्हणाली, "आत्या, उठा. भाऊजींकडे जायचंय."

चांगलं डिझेल गावात त्या वेळी एकाच ठिकाणी होतं, धाकट्याच्या ट्रॅक्टरमध्ये. पण डिझेल नसतं तरी ती गेली असती. मी शेजारीण आहे, मला कळतं.

धाकटा आपल्या वेगळ्या घराच्या दारातच बसला होता. ड्रायव्हरीण पुढं झाली. "भाऊजी, चुकले मी. उचलली जीभ लावली टाळ्याला. पाणी आत्यांच्या हातून गेलं, कॅन धुताना. तुमचा काही दोष नाही. मी डेअरीवर सगळ्यांसमोर सांगते."

तो उठला, आत गेला, कोरडा कॅन आणि नळी घेऊन आला. ट्रॅक्टरच्या टाकीत नळी घातली, तोंडानं ओढली, थुंकला. डिझेल कॅनमध्ये पडायला लागलं. त्यावर नजर ठेवूनच तो म्हणाला, "वहिनी, तुमचं मला काही नाही. तुम्ही परक्या घरातून आलेल्या. तुमची भाकरी त्या गाडीवर आहे, माणूस बोलतो."

कॅन भरला. त्यानं बूच लावून तो वहिनीच्या हातात दिला. मग आईकडे वळला.

"तू का गप्प उभी राहिलीस?"

म्हातारी एक पाऊल पुढं आली.

"तुला तेव्हा ठाऊक नव्हतं ना, पाणी कुठून आलं ते. मग तुलाही वाटलं मीच घातलं असणार. एकदा म्हणायचं तरी होतंस, माझा पोरगा असं करणार नाही म्हणून. खोटं का होईना."

"बाळा," म्हातारी म्हणाली. तिनं त्याच्या दंडाला हात लावला.

"जा, दूध तापतंय," तो म्हणाला, आणि त्यानं दार लावून घेतलं.

गाडी गेली. हवा काढून फिटरनं चालू केली आणि ती फाटक ओलांडून, ओढा ओलांडून, वळणावर दिसेनाशी झाली. दूध वेळेत पोचलं. निघायच्या आधी ड्रायव्हरीण ओट्यावर उभी राहिली आणि जे झालं ते चारचौघांत सांगितलं. चेअरमन म्हणाले, मला पहिल्यापासून वाटतच होतं. त्या माणसाला काय वाटत नसतं? पलीकडच्या गावचा गाडीवाला आला तसा गेला. ड्रायव्हरणीची गाडी अजून चालू आहे, आणि आता ती कॅनला कुणाला हात लावू देत नाही.

धाकटा मात्र दुसऱ्या दिवसापासून आमच्या डेअरीवर दूध घालत नाही. सायकलला किटल्या बांधून खालच्या गावच्या डेअरीवर जातो. जाताना रोज आईच्या अंगणासमोरून जातो, वाटच ती आहे. मान वळवत नाही.

म्हातारी रोज त्या वेळेला अंगणात असते. काही काम नसलं तरी झाडत बसते. सायकल गेली की कुंपणापाशी येते आणि मला विचारते, "तुला भेटतो ना तो वाटेत? काही बोलला का?"

तो कुठला बोलतोय. मी आयुष्यात कुणाचं मन राखायला खोटं बोलले नाही, तोंडावर बोलून मोकळी होते, सगळं गाव वचकून असतं. पण परवा तिच्याकडे बघवेना. म्हटलं, "हो, तुमचं विचारत होता."

म्हातारीनं झाडू खाली ठेवला. कुंपण दोन्ही हातांनी धरलं.

"काय विचारत होता?"