तक्रारीला मान देऊन

आधीच सांगून ठेवते, मी रागीट आहे. आमच्या पुंडलिकनगरातल्या भाजीवाल्यांना विचारा, मला लांबून बघितलं की त्यांचे तराजू आपोआप सरळ होतात. मी वजनमाप खात्यात निरीक्षक आहे. पेट्रोलचं माप, किराणा दुकानातला काटा, पाकिटावर छापलेलं वजन, सगळं तपासायचं आणि खोटं निघालं की जप्त करायचं. नातेवाइकांना वाटतं, सुकेशनीच्या हातात काय सत्ता आहे! डोंबलाची सत्ता? ऑफिसात जीप एक, ती आम्हा चौघांत फिरते, आणि माझ्या वाट्याला येते त्या दिवशी ड्रायव्हरच्या सासरी हटकून काहीतरी निघतं.

सरूबाई पहिल्यांदा ऑफिसात आली ती भर उन्हाळ्यात. फुलंब्रीकडची धनगराची बाई. नवरा वारलेला, पोरी लग्न होऊन गेलेल्या, घर चालतं ते शेळ्यांवर. खुर्चीवर बसा म्हटलं तर दाराशीच टेकली.

"बाई, माझी बकरी वाटंत कमी व्हत्यात," ती म्हणाली.

"म्हणजे हरवतात?"

"हरवत नाय वो. वजनाला कमी व्हत्यात. घरून निघताना डेअरीच्या काट्यावर बकरं सव्वीस किलो भरतंय. बोरटेकडीच्या बाजारात आप्पासाहेबाच्या काट्यावर तेच तेवीस. दर बारीला असंच. वाटंत काय इरघळतंय व्हय?"

बोरटेकडीच्या त्या शेळीबाजारात काटा एकच, या आप्पासाहेबाचा. तो तिथला सगळ्यात मोठा व्यापारी. बाकीचे व्यापारीसुद्धा त्याच्याच काट्यावर मोजून माल घेतात. सरूबाई ग्रामपंचायतीत जाऊन आली होती, तहसीलला जाऊन आली होती. प्रत्येकानं तिला पुढच्याकडं ढकललं. एकानं तर ऑनलाइन तक्रार करा म्हणून सांगितलं, आणि तिच्याकडं फोन बटणाचा! माझं टाळकंच सरकलं. मी तिथल्या तिथं तक्रार लिहून घेतली, तिचा अंगठा घेतला आणि तिला समोर बसवून समजावलं.

"नीट ऐका. असल्या काट्यात चोरकळ असते. मालकाच्या खिशात रिमोट असतो. तो दाबला की वजन खाली येतं, पुन्हा दाबला की सरळ होतं. म्हणून मी अचानक आले तरच तो सापडणार. मी येणार आहे हे कुणाला म्हणजे कुणाला कळता कामा नये. आणि तुमचं नाव तर नाहीच नाही. काय?"

"व्हय बाई. बिरोबाची आण, नाय बोलणार मी."

"त्याला पकडायच्या आधी तुमचं नाव कळलं तर तो तुमचा माल घेणार नाही. तो घेत नाही म्हटल्यावर दुसरंही कुणी घेणार नाही. मग काय कराल?"

"मरंन की उपाशी," ती म्हणाली आणि हसली. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

त्यानंतर जीपसाठी मी किती डोकं फोडलं ते माझं मला माहीत. एकदा गाडी वैजापूरला गेलेली, एकदा टायर गेलेलं, एकदा अचानक मीटिंग. दर वेळी सरूबाईचा फोन, "बाई, कवा येता?" शेवटी मी साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभीच राहिले. गाडी मिळाल्याशिवाय हलणार नाही म्हटलं. मिळाली. सरूबाईला कळवलं, येत्या रविवारी नक्की. सांगायला नको होतं, पण तिची बकरी समोर असल्याशिवाय फसवणूक दाखवणार कशी?

रविवारी सकाळीच कडुबानं, आमच्या मदतनिसानं, तपासणीची वजनं जीपमध्ये चढवली. बोरटेकडीचं वळण आलं तशी हलगी ऐकू यायला लागली.

"लग्न दिसतंय," मी म्हटलं.

कडुबानं मान बाहेर काढली आणि पटकन आत घेतली. "मॅडम," तो म्हणाला, "तुमचा फोटू हाय."

बाजाराच्या तोंडावर, दोन बांबूंच्या मध्ये, भलंमोठं फ्लेक्स. त्यावर मी. मामेबहिणीच्या लग्नातली, नथ घातलेली, अर्धवट डोळे मिटलेली मी! माझ्या व्हॉट्सॲपवरचा फोटो. त्याखाली लाल अक्षरांत लिहिलं होतं: "वजनमाप खात्याच्या कर्तव्यदक्ष निरीक्षक सुकेशनीताई, श्रीमती सरूबाई यांच्या तक्रारीला मान देऊन आपल्या बाजारात काटा तपासण्यास येत आहेत, त्यांचे सहर्ष स्वागत." खाली शुभेच्छुकांचे फोटो. पहिलाच फोटो गॉगल घातलेल्या आप्पासाहेबांचा.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी जीपमधून उतरले तर समोर फेटा घेऊन एक तरुण उभा, शाल घेऊन दुसरा, आणि सरूबाई हातात हार घेऊन. नवं लुगडं नेसली होती. तोंडावर असा आनंद, की माझ्या तोंडात आलेल्या शिव्या तशाच आत राहिल्या.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"म्या," फेटेवाला पोरगा छाती काढून म्हणाला. तो रामप्रसाद, सरूबाईचा पुतण्या. शहरात फ्लेक्स छापायच्या दुकानात कामाला. "काकू म्हणली, येवढ्या लांबून बाई येणार, आन् गळ्यात हार नाय? बरं दिसतं का ते? मग म्या सगळ्या व्यापाऱ्यांकडून वर्गणी काढली. आप्पासाहेबांनी लई मनापासून दिली, ताई."

"दिली असणारच!" मी ओरडले. "सरूबाई, काय बोलले होते मी? कुणाला सांगायचं नाही म्हणून तुम्ही आण घेतली होती ना?"

"कुणालाच नाय सांगितलं, बाई! निस्ता घरच्या घरी रामप्रसादला, हारापुरतं. आजवर कुणी सायब माझ्यासाठी आला नाय. तुम्ही येणार, मग तशीच जाऊ द्यायची का तुम्हाला? लोक काय म्हणतील?"

आता काय बोलायचं, सांगा. मी कपाळावर हात मारून घेतला. तोवर फेटा माझ्या डोक्यावर चढला होता, शाल खांद्यावर पडली होती आणि हलगीवाल्यानं जोर धरला होता. नारळ द्यायला आप्पासाहेब स्वतः पुढं आला. गोड हसला. त्याच्या थोबाडीत ठेवून द्यावीशी वाटली, पण हातात नारळ होता.

काटा बघितला. कोरा करकरीत! खोक्याचं थर्माकोल अजून मागंच पडलेलं. शिशाचं सील ताजं, कागदपत्रं पक्की. "जुना काटा कुठंय?" मी विचारलं. "दिला भंगारात, मॅडम. तुम्ही येणार म्हणलं, मग तुमच्या इज्जतीला शोभंल असा काटा नको का?" म्हणाला. मी तरीही सोडलं नाही. कडुबाला सगळी वजनं ठेवायला लावली. मध्ये ठेवली, चारी कोपऱ्यांवर ठेवली, काढून पुन्हा ठेवली. ग्रॅमचा फरक नाही. काट्याच्या खाली वाकून बघितलं, मागचं झाकण बघितलं. फेटा दोनदा खाली पडला, लोकांनी तो दोनदा उचलून दिला. पंचांसमोर मला लिहावं लागलं की काट्यात दोष आढळला नाही. पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

मग सरूबाईनं आपली दोन बकरी आणली. पहिलं काट्यावरच्या पिंजऱ्यात घातलं. सव्वीस. डेअरीवर जेवढं, तेवढंच.

"बघा!" ती बाजारभर ऐकू जाईल अशी ओरडली. "बघा रं, भरलं का नाय? मी खोटी नव्हते!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं माझे दोन्ही हात धरले. खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं, जाऊ दे, निदान एवढं तरी झालं.

मग ती आप्पासाहेबाकडं वळली. "बोला आप्पासाहेब. काय भाव लावता?"

"आज माझा माल भरला, सरूबाई," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला.

ती दुसऱ्या व्यापाऱ्याकडं गेली. त्यानं फोन कानाला लावला. तिसरा चहाला निघून गेला. चौथ्यानं बकऱ्याच्या पाठीवर हात फिरवला, आप्पासाहेबाकडं बघितलं आणि हात काढून घेतला. बाकी सगळ्यांची शेळ्यामेंढरं पटापट काट्यावर चढत होती, विकली जात होती. सरूबाई दोन कासरे हातात घेऊन बाजारभर फिरून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

मी आप्पासाहेबाच्या अंगावर गेले. "मागच्या बाजारापर्यंत घेत होता ना हिची बकरी? आज काय झालं? घ्या म्हणते मी!"

"मॅडम, काटा तपासा की, हजारदा तपासा. मी नाय म्हणलो का?" तो म्हणाला. "पण कुणाचं बकरं घ्यावं, कुणाचं नाय, त्याचा काय कायदा असंल तर तेवढा दाखवा."

माझ्याकडं काय होतं दाखवायला? वजन कमी भरलं तर त्याला कायदा आहे. विकत न घेण्याला नाही. मी रामप्रसादवर ओरडले, कडुबावर ओरडले, ड्रायव्हर उगाच हॉर्न वाजवत होता त्याच्यावर ओरडले. रामप्रसाद रडवेला होऊन फ्लेक्स सोडायला लागला.

"सरूबाई, मी परत येईन," मी म्हटलं. "तुम्हालासुद्धा न सांगता येईन. हा आज ना उद्या जुनी सवय काढणार, तेव्हा त्याला सोडत नाही मी. काटा जप्त करते, खटला भरते."

तिनं बकऱ्यांचे कासरे मनगटाला गुंडाळले. माझ्यावर रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"नगं, बाई. आता नगा येऊ," ती म्हणाली. "कमी भरायचं, पण इकलं तरी जायचं."