शंभरातल्या सहा
"रोशनीच्या गोळ्या बंद केल्या म्या," शेजारच्या यमुताईने दारातूनच सांगितलं आणि चार दिवसांमागचा पेपर पुढे केला. "आता काहून देऊ? तुया कॉलेजनंच सिकलचं औषध काढलं ना वं!"

आठवडाभराच्या सुट्टीनंतर कामावर निघालेल्या कौशल्याच्या हातातला डबा तसाच राहिला. पेपरात तिच्या प्रयोगशाळेतल्या दुर्गेश सरांचा हसरा फोटो, आणि वर हे एवढं मोठं: 'झिंग्याच्या टरफलांतून सिकलसेलवर मात'.

"किती दिवस झाले बंद करून?"

"चार. मस्त खेळून राहिली नात. त्या गोळीनं तोंड येते तिचं."

"आजच्या आज चालू कर, यमू. औषध नाही निघालं."

"पेपरात का खोटं छापते?" म्हणत यमुताई हसतच गेली.

जरीपटक्याहून कॉलेजपर्यंत कौशल्या ऑटोत दात आवळून बसली होती. ती प्रयोगशाळेतली मदतनीस. टरफलं तिनेच तर साफ केली होती. तीन वर्षं मासळीबाजारातून पोतं आणायचं, तेजाबात भिजवायचं, उकळायचं, गच्चीवर वाळवायचं. वासाने सगळं कॉलेज नाक मुरडायचं. त्या पांढऱ्या भुकटीचे सर डोळ्यांना न दिसणारे कण करत आणि त्यांच्यासोबत जनुक पेशींत पाठवत. पोचलं की पेशी हिरवी चमके. शंभरातल्या सहा चमकल्या. तेही नुसतं चमकायचंच जनुक. सिकलवरचं अजून घातलंच नव्हतं. सरांनीच तिला हौसेने दाखवलं होतं, आणि तिने एकेक शब्द लक्षात ठेवला होता. तिची लेक नंदिनी रक्ताच्या याच रोगाने एकोणिसाव्या वर्षी गेली होती.

सर टेबलावरचे सुकत आलेले पुष्पगुच्छ बाजूला सारत होते.

"सर, पेपरवाल्याइले हे काहून सांगितलं?"

"मी 'भविष्यात' म्हणालो होतो, कौशल्याबाई. मथळा त्यांचा."

"मंग ते चुकीचं आहे म्हणून छापाले सांगा."

"असं लगेच नाही करता येत. कॉलेजचं नाव आहे, पुढचं अनुदान आहे..." सर हसले. "लोकांना तुम्हीच समजावा ना. तुमच्या भाषेत."

तुमच्या भाषेत! टरफलं उकळताना भाषा आड आली नव्हती. कौशल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने यमुताईला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि सरांच्या तोंडासमोर धरला.

"घ्या. बोला तुमीच."

सरांनी घसा खाकरला. "हं, बघा ताई, संशोधन प्राथमिक टप्प्यावर आहे, पण परिणाम अत्यंत आशादायक..."

"लय उपकार झाले साहेब!" यमुताई पलीकडे रडायलाच लागली.

कौशल्याने फोन मागे ओढला. "यमू, औषध नाही! काहीच नाही. शंभरातल्या सहा पेशी काचेत चमकल्या, बस. रोशनीले गोळी दे. आत्ता दे."

पलीकडचं रडणं थांबलं. मग यमुताईचा कोरडा आवाज आला.

"तुयी नंदिनी नाही वाचली, म्हणून आमची बी वाचू नये का वं?"

सरांनी मान खाली घातली. कौशल्याचे डोळे भरले, पण राग तसूभर हलला नाही.

"मले का म्हणाचं ते म्हण. आधी गोळी दे. मी फोन ठेवत नाही."

"कौशल्याबाई, मला मीटिंग..." सर उठायला गेले. तिने नुसता पंजा दाखवला, तसे ते पुन्हा बसले.

फोनमधून भांडं आपटल्याचा आवाज आला. रोशनीची कुरकुर आली. बऱ्याच वेळाने गोळ्यांचं पाकीट चुरचुरलं आणि पोरगी घटाघटा पाणी प्यायली. तेव्हा कुठे कौशल्याने फोन बंद केला.