नायकाचा मळका शर्ट

प्रमिलाबाईंचा यंदाच्या चातुर्मासाचा नियम साधा होता. दिवेलागणीला घरात मळका कपडा ठेवायचा नाही. शेजारी कोणी मीठ सोडलं होतं, कोणी चपला. यांनी हा नियम घेतला आणि कोणाला सांगत बसल्या नाहीत. पवनारच्या दोन खोल्यांत एकटीचे कपडे निघून निघून निघणार किती?

मग बहिणीची पोर रंजिता राहायला आली. अल्लीपूरची ही मुलगी नागपुरात शिकून सिनेमाच्या कपडेपटात लागली होती, आणि हे तिचं पहिलंच काम. धाम नदीच्या काठावर एका साहसपटाचं शूटिंग चाललं होतं. हरवलेलं देऊळ शोधणारा नायक दरडीवरून घसरतो आणि काट्यांतून रांगत वर येतो. घसरून पडल्याचा भाग झाला होता, वर येण्याचा उद्या होता. दोन्हींत शर्ट तोच हवा, डागही तेच. दुसरा शर्ट होता, पण तो सिनेमाच्या सुरुवातीचा, कोरा. युनिटचा तंबू गळत होता म्हणून मळका शर्ट रंजिताने मावशीकडे आणला, दाराआडच्या खुंटीला अडकवला आणि थकून झोपी गेली.

प्रमिलाबाई दिवा लावायला उठल्या आणि खुंटीकडे नजर गेली. शर्ट त्यांनी सोड्यात बुडवला, घासला, नीळ दिली. चुलीजवळ वाळल्यावर फाटलेल्या कोपराला रफू केलं, इस्त्री फिरवली. पोरीचं तेवढंच काम हलकं झालं, असं त्यांना वाटलं.

सकाळी रंजिता घडीकडे बघतच राहिली.

"मावशी, तू हा धुतला?"

"मळका होता वं. दिवा लावाचा होता मले."

"तो मळकाच पाह्यजे होता! ब्रश घेऊन किती संध्याकाळी बसली होती मी त्याच्यापायी. आता सर मले घरी धाडतेत."

"धुतल्या कपड्यासाठी कामावरून काढते काय कोणी?"

"सिनेमात काढते."

प्रमिलाबाईंनी छत्री घेतली आणि तिच्यासोबत निघाल्या.

दिग्दर्शक प्रफुल्लने शर्ट उलटसुलट करून पाहिला. त्याने आवाज चढवला नाही, आणि रंजिताला त्याचीच भीती वाटली.

"याला इस्त्रीपण केलीय?"

"म्या केली," प्रमिलाबाई हळूच म्हणाल्या.

"छान केलीय, मावशी."

नायकाचं काम करणारा अमर खुर्चीत हसत होता. "म्हणजे मी दरडीवरून पडलो, आणि खाली लाँड्री होती."

"जेवणाच्या आधी जमव," प्रफुल्ल रंजिताला म्हणाला. "नाही जमलं तर दुपारच्या बसने निघ. मी दुसरं कोणी बोलावतो."

रंजिताने मोबाइलमधले फोटो समोर ठेवून रंग कालवला, चहाचं पाणी शिंपडलं. शर्ट चहा सांडलेल्या टेबलावरच्या कापडासारखा दिसायला लागला. शेवटी ती अमरकडे गेली आणि शर्ट घालून एकदा खरोखर घसराल का, असं विचारलं.

"मॅडम, मला खरचटलं तर क्लोजअप कोण देणार? तुम्ही?"

रंजिताने शर्ट स्वतःच्याच कुर्त्यावर चढवला आणि दरड चढायला लागली.

"रंजिता, लागन तुले!" प्रमिलाबाई खालून ओरडल्या. त्यांचा आवाज एवढा मोठा कोणी ऐकला नव्हता.

"लागू दे. रक्तबी खरं दिसन!"

ती घसरली. काळ्या मातीत अंग आपोआप कुशीवर वळलं, कोपर रुतलं, रफू उसवलं. मग ती बाभळीखालून रांगत वर गेली आणि परत घसरली. पावसाची भुरभुर लागली तरी प्रमिलाबाईंच्या हातातली छत्री मिटलेलीच राहिली.

प्रफुल्लने तिला तशीच कॅमेऱ्यासमोर उभी केली आणि पडद्यावर कालचं चित्र आजच्या शेजारी लावलं.

"डाग जुळत नाहीत," रंजिता स्वतःच म्हणाली.

"नाहीत जुळत." त्याने कालचं चित्र मोठं केलं. "कालच्या शर्टाला काखेत, चुण्यांच्या आतसुद्धा मळ आहे बघ. तिथं चिखल पोचतच नाही. कालचा माणूस रंगवलेला वाटतो, हा पडलेला वाटतो. कालचं परत घेऊ."

"मग बस..."

"कसली बस? परत घ्यायचं तर शर्ट कोण सांभाळणार? आणि आता हा धुवायचा नाही. शूटिंग संपेपर्यंत."

शेवटचं वाक्य बोलताना त्याने प्रमिलाबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

संध्याकाळी रंजिता शर्ट घेऊन उंबऱ्याशीच थांबली.

"मावशी, मांगच्या गोठ्यात ठेवू काय? म्हणजे घरात नाई येणार."

"गोठा का लोकाचा हाये? देवासंग असली वकिली नको करू. आण आत."

शर्ट खुंटीला लागला. प्रमिलाबाईंनी दिवा लावला, नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ हात जोडले आणि एकच ताट वाढलं.

"तुह्यं कुठं हाये?" रंजिताने विचारलं.

"तो शर्ट घरात हाये तोवर मी रातचं जेवणार नाई. मोडला नियम तर त्याचं काही भरा लागते."

"अवं माय, शूटिंग अजून लई दिवस चालन!"

"चालू दे. तू जेव."

रंजिता जेवायला बसली. वाळत आलेल्या बाहीवरून मातीची एक खपली जमिनीवर पडली. प्रमिलाबाईंचा हात झाडणीकडे गेला आणि तिथंच थांबला.

"रंजिता, हे झाडू, का हेबी पाह्यजे तुह्या सरले?"

रंजिताने उष्टा हात तसाच ठेवून डाव्या हाताने मोबाइल उचलला.

"थांब. पह्यले फोटो काढू दे."