गंजाला पाणी

महामार्गाच्या खात्यात रंगारीमामांनी सव्वीस वर्षं काढली ती गंजाशी हाडवैर धरून. कठडा असो की पाटीचा खांब, गंजाचा ठिपका दिसला की मामांचं डोकं फिरायचं आणि ते तारेचा ब्रश घेऊन तुटून पडायचे. त्यामुळे ‘किलोमीटर बेचाळीस ते पंचेचाळीस, सर्व लोखंडी काम गंज काढून रंगवणे’ असा हुकूम हातात पडला, तेव्हा ‘सर्व’ म्हणजे त्यांनी सर्वच धरलं. यात आपलं काय चुकलं, हे त्यांना पुढेही कधी नीटसं पटलं नाही.

चव्वेचाळिसाव्या किलोमीटरच्या वळणावर तीन जाडजूड लोखंडी पत्रे एकमेकांकडे पाठ करून उभे होते, दोन पुरुष उंच. ते शिल्प कशाचं आहे, हे कुणालाच कळलेलं नव्हतं. ट्रकवाले त्याला ‘रुसलेल्या जावा’ म्हणायचे. मामांनी दोन दिवस घाम गाळून मधल्या जावेची पाठ चकाचक केली. रंगाचा डबा उघडणार, तेवढ्यात इंजिनिअरसाहेब जीपमधून उतरले आणि ते बघून रस्त्याकडेच्या दगडावर मटकन बसले.

ते पोलाद म्हणे गंजण्यासाठीच घडवलेलं होतं. गंज हाच त्याचा रंग, आणि तो तसा मुरायला अकरा वर्षं लागली होती.

“शिल्पकार बाई उद्या येतायत,” साहेब म्हणाले. “त्यांनी तक्रार लिहिली तर मामा, तुमची नोकरी मला नाही वाचवता यायची.”

बाई आल्या. पिकलेले केस, पायात जाड तळाचे बूट. घासलेल्या जागेवरून त्यांनी कडेपर्यंत तळहात फिरवला.

“कुणी केलं हे?”

“मी,” मामा म्हणाले.

“कोपरेसुद्धा सोडले नाहीत तुम्ही.”

“कोपऱ्यातूनच तर सुरू होतो तो, बाई. आधी खालच्या कडेला, दव साचतं तिथे. मग बोल्टच्या मागे.”

बाईंनी आता त्यांच्याकडे नीट पाहिलं. “एवढी ओळख आहे ना त्याची? मग आणा परत. सात महिन्यांनी येते मी. खात्याला काय लिहायचं ते तेव्हाच लिहीन.”

मामा कामाला लागले. रोज सकाळी हजेरीच्या आधी ते पाठीवर फवाऱ्याचा पंप घेऊन वळणावर हजर. भिजवायचं, वाळू द्यायचं, पुन्हा भिजवायचं. “लोक झाडांना पाणी घालतात, आमचे हे गंजाला,” मामी शेजारणीला सांगायच्या. सुरुवातीला नुसताच कच्चा नारिंगी रंग धरला. मामा हिरमुसले, दोन दिवस धड जेवले नाहीत. मग त्यांनी कडांना पाणी कमी केलं, मध्ये वाढवलं, आणि एका सकाळी पत्र्यावर तो गडद तपकिरी रंग उतरला. मामांना इतका आनंद झाला की त्यांची त्यांनाच लाज वाटली.

ठरल्याप्रमाणे बाई आल्या. मधल्या पत्र्याभोवती त्यांनी तीन फेऱ्या मारल्या, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

“कुठे घासलं होतं?”

मामांनी दाखवलं. बाईंनी मान हलवली आणि आपल्या गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून खात्यासाठी एक ओळ लिहिली. मामांनी ती वाचली: ‘शिल्पाला काहीही झालेलं नाही.’

“आणि मी सात महिने केलं ते?” मामांच्या तोंडून निघून गेलं.

“ते लिहायचं तर आधी काय झालं तेही लिहावं लागेल,” बाई शांतपणे म्हणाल्या. “लिहू?”

मामा त्या पत्र्याकडे बघत राहिले. एवढं चांगलं काम त्यांच्या हातून सव्वीस वर्षांत झालं नव्हतं.

“नको,” ते म्हणाले, आणि म्हणताना त्यांना फार वाईट वाटलं.