फ्रान्सला लावलेला कौल

सावळीरामने कौल लावला तो शुक्रवारी दुपारी, दाढी करताना. फ्रान्स जिंकलं तर धनराज सुखरूप घरी येईल. एवढंच. कुणाला सांगितलं नाही, देवघराकडे वळूनही बघितलं नाही. आरशातल्या फेसाळ तोंडाला सांगितलं आणि गालावर पाणी मारलं.

तसा तो देवाधर्मातला माणूस नव्हे. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये तीस वर्षं नोकरी केली, त्यातली पंधरा प्रेसच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर होता. सामन्याआधी गोलच्या दोन्ही खांबांना हात लावून तो कपाळाला न्यायचा, तेवढीच त्याची पूजा. देवळालीला जवानांच्या टीमशी खेळायला जाताना धनराजला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचा. पोरगं आधी चेंडूमागे धावलं, मग जवानांमागे, आणि एकोणिसाव्या वर्षी भरती झालं. पेढे वाटताना कॉलनीत सावळीरामएवढी छाती कुणाची फुगली नव्हती. आता ते पेढे आठवले की तो ताटावरून उठायचा.

दोन हजार दोनचा मे संपत होता. थंडीपासून फौज सरहद्दीवर उभी होती. धनराज जैसलमेरच्या पलीकडे कुठेतरी होता. दर रविवारी त्याचा फोन यायचा, तो गेले दोन रविवार आला नव्हता. पेपरात लढाईशिवाय बातमी नव्हती. अणुबाँब हा शब्द आता किराणाच्या दुकानातही साखरेच्या भावासारखा बोलला जात होता. शेवटच्या पानावर मात्र वर्ल्डकप. सावळीराम पेपर मागून वाचायला घ्यायचा आणि पहिल्या पानापर्यंत आला की घडी घालून ठेवायचा.

खरं तर तो ब्राझीलचा माणूस. पण कौल लावताना त्याने लबाडी केली. उद्घाटनाचाच सामना, फ्रान्स गेल्या वेळचा विजेता, समोर सेनेगल, वर्ल्डकपला पहिल्यांदाच आलेलं. पोराचा जीव टांगायचा तर खुंटी तरी पक्की हवी.

पावणेपाचला भिकन आला. प्रेसमधला जुना सोबती, टीमचा राइट बॅक. हातात भेळभत्त्याचा पुडा.

"वहिनी, एक ताटली द्या!"

"भिकनभाऊ, त्यात कैरी आहे का?" मंगलाबाईंनी आतूनच हळू विचारलं.

"कैरीशिवाय भत्ता म्हणजे नुसता भुसा, वहिनी."

"आज शुक्रवार आहे."

भिकनने जीभ चावली. संतोषीमातेच्या उपासाच्या दिवशी या घरात आंबटाचा कण येत नसे. "मग मी ओट्यावर बसतो. खिडकीतून बघेन. देवीची हद्द उंबऱ्यापर्यंतच ना?"

"देवीचं मला ठाऊक नाही," मंगलाबाई हसल्या, "माझी हद्द तेवढी आहे."

सामना सुरू झाला. भिकन खिडकीच्या गजाला नाक लावून कुरकुर भत्ता खात होता. सावळीराम खुर्चीच्या टोकावर, गुडघ्यांत हात दाबून. अर्ध्या तासाने सेनेगलचा एक जण डावीकडून सुसाट आला, चेंडू आत घातला. गोलकीपरच्या अंगाला तो लागला. सावळीरामला ते कळलं तसं दुसऱ्या कुणाला कळलं नसतं: अडवला, पण धरला नाही. पडल्या पडल्या सेनेगलच्याच दुसऱ्या एका उंच पोराने तो आत ढकलला.

"हाणला!" भिकन ओट्यावर नाचायला लागला. "ज्यांच्यावर राज्य केलं त्यांनीच हाणला साहेबाला!"

"गप बस, भिकन."

"तू कधीपासून रे फ्रान्सचा? सासुरवाडी काढलीस का तिकडं?"

सावळीरामने खुर्ची टीव्हीजवळ ओढली. उत्तरार्धात फ्रान्सचा एक फटका आडव्या दांडीवर आदळून परत आला, तेव्हा त्याने डोळेच मिटून घेतले. शिट्टी वाजली. एक-शून्य. भिकन पुडा चुरगळत खुशीत घरी गेला.

मंगलाबाई दिवा लावायला आल्या तर नवरा तसाच बसलेला, टीव्हीवर जाहिराती चाललेल्या, आणि याचे गाल ओले.

"अहो, काय झालं? फोन आला का?"

मग त्याने सगळं सांगितलं. दाढीपासून दांडीपर्यंत.

मंगलाबाईंनी वात सारखी केली. रागावल्या की त्यांचा आवाज आणखी बारीक होई. "कौल देवापुढं लावतात. तिथं ऐकणारं कुणी असतं. त्या परक्या पोरांना काय ठाऊक, आपला धनू त्यांच्या पायाला बांधलाय ते?"

"तू पण उपास करतेसच ना त्याच्यासाठी?"

"करते. पण मागत नाही काही. मागितलं की अट आली, आणि अट आली की दिवसभर तिचीच धास्ती. मला नाही झेपत ते."

"आता काय करू?"

"बांधणाऱ्यानंच सोडवायचं असतं. आपल्याला प्रिय असेल ते सोडून." काय, ते त्यांनी सांगितलं नाही. दिवा लावून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

सावळीराम उठला. कपाटातून धनराजची निळ्या पट्ट्यांची चादर काढली आणि टीव्ही झाकून टाकला. चार वर्षं ज्याची वाट पाहिली होती, त्या वर्ल्डकपचा हा पहिला दिवस होता.

दुसऱ्या दिवशी पेपरात होतं की परक्या वकिलाती आपल्या माणसांना इथून मायदेशी बोलावताहेत. सावळीरामने ती बातमी दोनदा वाचली आणि शेवटचं पान न बघता फळीवर अंथरायला बायकोला दिलं. ब्राझीलच्या सामन्याला भिकन हाका मारून थकला. "वहिनींनी शपथ घातली का गड्या?" सावळीरामने खिडकी लावून घेतली. कुणी रस्त्यात गोल-गोल करू लागलं की तो चपला पायात सरकवून दुसऱ्या गल्लीने जायचा. महिन्याच्या मध्यावर पत्र आलं, सहा ओळींचं: मी ठीक आहे, ऊन फार आहे. पेपरातला सूरही जरा निवळला. पण चादर हलली नाही.

तीस जूनला, रविवारी, दिवेलागणीला फोन वाजला.

"अण्णा!" धनराजच. आवाज वाळूत घासल्यासारखा. "आपल्या ब्राझीलची फायनल बघितली ना? आमचा रेडिओ ऐन वेळी बसला. दुसरा गोल कसा झाला, सांगा ना!"

सावळीरामने रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला. "तू घरी ये," तो म्हणाला, "मग सांगतो."

म्हणाला आणि दचकला. समोर मंगलाबाई काडेपेटी हातात धरून त्याच्याकडे बघत होत्या. त्याने पुन्हा पोराचं येणं एका गोलला बांधलं होतं.

"नाही, नाही. ऐक, धनू. मी नाही बघितली. एकही मॅच नाही."

पलीकडे नुसती खरखर. मग धनराजने अगदी हळू, आईच्या आवाजात विचारलं, "अण्णा, काय झालंय? खरं सांगा."

"काही नाही रे. रजा कधी मिळेल?"

"रजा बंदच आहेत. इकडे सगळीकडे सुरुंग पेरलेत, ते..." आणि फोन कापला गेला.

सावळीराम रिसीव्हर धरून उभा राहिला.

"काय म्हणाला?" मंगलाबाईंनी विचारलं.

"माझी काळजी लागलीय म्हणे त्याला."